नई तालीम आणि आपली तख्ती

मराठी आणि उर्दू या दोन भाषांत रोज ये-जा करणाऱ्या माणसाला काही शब्द दोन्ही घरी भेटतात, पण पोशाख बदलून. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण; मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, नाहीतर नाटकाचा सराव. उर्दूतला 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद' होऊन लाल मातीत उतरला. 'कवायद' म्हणजे आमच्याकडे व्याकरण. मराठीतली 'कवायत' शाळेच्या मैदानावर डावा-उजवा करते. 'दफ्तर' उर्दूत कचेरी, तर मराठीत मुलाच्या पाठीवरचे ओझे. गंमत म्हणून हे सांगून सोडून देता येईल. पण मला त्यात शिक्षणाचा एक इतिहास दिसतो. मराठीने हे शब्द घेतले तेव्हा ते अंगाने, हाताने, सरावाने शिकण्यासाठी घेतले. आपण उर्दूवाल्यांनी तेच शब्द पुस्तकापाशी ठेवले. माणूस शिकतो कसा, या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच शब्दाच्या पोटात नांदत आहेत.

बी.एड.ला या प्रश्नावर एक अख्खा घटक असतो. पाव्हलॉवचा कुत्रा, थॉर्नडाईकची पेटीत कोंडलेली मांजर, स्किनरची कबुतरे आणि कोहलरचे चिंपांझी. त्यातल्या सर्वांत हुशार चिंपांझीचे नाव सुलतान, हे वाचून उर्दू माध्यमाकडचे आम्ही चार-पाच जण वर्गात हसलो होतो. थॉर्नडाईक म्हणतो, प्राणी चुकत-माकत शिकतो. कोहलर म्हणतो, सुलतान विचार करून, एकदम उमज पडून शिकतो. परीक्षेत दोन्ही उपपत्ती प्रत्येकी दहा गुणांना. पाठांतराने खरे शिक्षण होत नाही, हे वाक्य आम्ही सगळ्यांनी पाठ करूनच लिहिले.

नोकरीत आल्यावर एका प्रशिक्षणात एका साधनव्यक्तीने सहज म्हटले, "तुमच्या उर्दू शाळांत मदरशाचीच पद्धत, त्यामुळे ज्ञानरचनावाद तुमच्याकडे रुजायला वेळ लागेल." म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आमच्यातल्या निम्म्या शिक्षकांनी मानही डोलावली. पाठांतर ते आपले आणि समजून शिकणे ते परके, अशी एक समजूत आपल्या समाजातही इतकी मुरली आहे की ती तपासून पाहावी असे कोणाला वाटत नाही. इतिहास मात्र वेगळे सांगतो. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग दूर कुठे नव्हे, आपल्या विदर्भातच घडला आहे.

आधी मदरशाच्या पद्धतीविषयी. वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, कुठल्याही गावच्या मशिदीत फजरनंतर मुले डोलत पठण करताना दिसतील. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती घोकंपट्टी वाटते. पण हिफ्जची पद्धत जवळून पाहिली तर तिच्यात एक पक्का हिशेब आहे. आजचा नवा धडा तो 'सबक'. गेल्या काही दिवसांतला तो 'सबकी'. त्याआधीचे सगळे 'आमोख्ता', काही ठिकाणी त्याला 'मंजिल' म्हणतात. हाफिजसाहेब रोज तिन्ही ऐकतात. नवे थोडे, कालचे जास्त आणि जुने फिरून फिरून, असे ते प्रमाण. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले आरंभी झपाट्याने विसरते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो; म्हणून एका बैठकीत शंभर वेळा घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते. बी.एड.च्या पुस्तकात हा 'विस्मरणाचा वक्र' आकृतीसह असतो. ज्यांनी ती आकृती कधी पाहिली नाही, त्या हाफिजसाहेबांच्या रोजच्या कामात ती आहे.

ही पद्धत तिच्या कामापुरती उत्तम आहे. एका ग्रंथाचा शब्द न शब्द, जेर-जबरसुद्धा न बदलता पुढच्या पिढीकडे पोचवायचा, तर याहून चांगला मार्ग माणसाला सापडलेला नाही. बिघाड होतो तो हीच पद्धत भूगोलाच्या तासाला आणली की. मान्सूनचे वारे डोलत डोलत पाठ होतात आणि जूनमध्ये आभाळ भरून येते तेव्हा त्या दोहोंचा संबंध मुलाला लागत नाही.

हा फरक आपल्याच परंपरेने सहाशे वर्षांपूर्वी ओळखला होता. ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ च्या सुमारास 'मुकद्दमा' लिहिला. इतिहासाचे शास्त्र मांडणारा ग्रंथ म्हणून जग त्याला ओळखते. त्यात शिक्षणावर काही प्रकरणे आहेत, ती आपल्याकडच्या किती शिक्षकांनी वाचली असतील याची शंकाच आहे. त्याचे म्हणणे असे की विद्या म्हणजे माहितीचा साठा नव्हे, ती एक 'मलका' आहे, अंगी मुरलेले कसब. ते चर्चेने, बोलण्याने, प्रश्नाला प्रश्न भिडवण्याने येते. मोरोक्कोतले विद्यार्थी मदरशात सोळा वर्षे काढतात आणि ट्युनिसमधले पाच वर्षांत तेवढेच मिळवतात, असे तो लिहितो आणि दोष विद्यार्थ्यांच्या बुद्धीला न देता पद्धतीला देतो: तिकडे मुले गप्प बसून पाठ करतात. विषय तीनदा शिकवावा, असेही तो सांगतो. पहिल्यांदा नुसती रूपरेषा, दुसऱ्यांदा सविस्तर, तिसऱ्यांदा अवघड गाठी सोडवत. आणि मुलाला मारून शिकवाल तर ते खोटे बोलायला आणि लपवायला शिकेल, हेही त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे. लहान मुलाला अर्थ न कळता आधी कुरआन पाठ करायला लावण्यापेक्षा भाषा आणि गणित आधी शिकवावे, हे काझी अबू बक्र इब्न अल्-अरबी यांचे मत तो उद्धृत करतो; मत चांगले आहे पण रिवाज त्याच्या आड येतो, असा शेराही मारतो. रिवाजाची ताकद तो ओळखून होता.

इंग्रजी अमदानीबद्दल थोडक्यात. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आपले वाशीम तेव्हा 'बासिम' नावाने जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ साली हा जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. त्या काळात सरकारी मराठी शाळांच्या जोडीने हिंदुस्थानी, म्हणजे उर्दू शाळाही निघाल्या. शिकवण्याची रीत ठरवली ती इन्स्पेक्टरने. तपासणीत मुले काय म्हणून दाखवतात यावर शाळेचे बरे-वाईट ठरू लागले, तेव्हा शिक्षक इन्स्पेक्टर विचारील तेवढेच शिकवू लागला. ट्रेनिंग कॉलेजांतून पुढे हर्बर्टची पंचपदी आली: पूर्वतयारी, विषयविवेचन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. नव्या ज्ञानाला जुन्या ज्ञानाचा आधार हवा, हे हर्बर्टचे मूळ म्हणणे खोल होते. त्याच्या शिष्यांनी त्याच्या पाच पायऱ्या केल्या आणि आपण त्या पायऱ्यांचे पाठ टाचणाच्या वहीतले पाच रकाने केले. हे रकाने शंभर वर्षे झाली तरी मिटलेले नाहीत.

आता वर्ध्याकडे वळू.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने देशभरातले शिक्षणतज्ज्ञ एकत्र आले. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि सगळे शिक्षण एखाद्या उत्पादक हातकामाच्या भोवती गुंफलेले, असा त्यांचा विचार होता. मुलांच्या कामातून हळूहळू शिक्षकाचा पगारही निघावा, हे त्यांचे आणखी एक म्हणणे. या परिषदेत दिल्लीहून आलेले एक चाळिशीतले गृहस्थ उठले आणि त्यांनी गांधीजींसमोरच दोन गोष्टी सांगितल्या. एक, कामातून शिक्षण ही कल्पना अगदी नवी नाही. अमेरिकेत प्रकल्प पद्धतीच्या रूपाने आणि रशियात आणखी एका रूपाने ती चालू आहे. दुसरी, शाळेने स्वतःचा खर्च काढण्यावर फार भर दिलात तर शिक्षक मुलांकडून मजुरी करवून घेऊ लागतील. हे गृहस्थ म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन. परिषदेने योजनेचा तपशील ठरवण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद याच टीकाकाराला मिळाले. समितीत विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, आर्यनायकम यांच्याबरोबर ख्वाजा गुलाम सय्यदैन होते. डिसेंबर १९३७ च्या आरंभी अहवाल तयार झाला आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने तो तत्त्वतः स्वीकारला.

झाकिरसाहेबांनी हा विचार आणला कुठून? १९२६ साली ते बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतले होते. तिकडे असताना त्यांनी दीवान-ए-गालिबची एक देखणी आवृत्ती कावियानी छापखान्यातून काढली. तिची काही पाने त्यांनी स्वतः खिळे जुळवून लावली, असे सांगतात. पण जर्मनीतून त्यांनी आणलेली मोठी शिदोरी म्हणजे गेओर्ग केर्शेनस्टायनर या म्युनिचच्या शिक्षणाधिकाऱ्याचा विचार. केर्शेनस्टायनर म्हणत असे की शाळा ही ऐकण्याची जागा नसून काम करण्याची जागा असावी. झाकिरसाहेबांनी त्यात आपली भर घातली आणि ती आयुष्यभर सांगितली: प्रत्येक काम शिक्षण देत नाही. मुलाने आधी ठरवले पाहिजे की मला काय करायचे आहे. मग ते कसे करायचे याचा आराखडा डोक्यात बांधला पाहिजे. मग हाताने केले पाहिजे. आणि शेवटी झालेले काम स्वतः निरखून, ते ठरवल्याप्रमाणे झाले की नाही हे स्वतःच तपासले पाहिजे. या चारांतले एक जरी गळाले तरी उरते ती मजुरी. आज ज्ञानरचनावादाच्या प्रशिक्षणात 'मूल स्वतःच्या ज्ञानाची रचना स्वतः करते' असे फळ्यावर लिहितात. याचा व्यवहारात अर्थ काय, असे मला कोणी विचारले तर मी या चार गोष्टी सांगीन. पियाजे आणि व्हिगोत्स्की ही नावे आपल्या शिक्षकांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी त्या उर्दूत सांगितल्या गेल्या होत्या. योजनेचे नावच पाहा: 'नई तालीम', 'बुनियादी तालीम'. मराठीत तिला मूलोद्योग शिक्षण म्हटले गेले.

अहवालातले वेळापत्रक मुळातून पाहण्यासारखे आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे. व्यायाम १० आणि सुट्टी १०. वर्षाला शाळेचे दिवस २८८. आजच्या पालकाने हे वेळापत्रक पाहिले तर तो शाळेचा दाखला मागायला येईल. पण कल्पना अशी होती की सूतकताईचे ते २०० मिनिटे नुसते कातण्यात जायचे नाहीत. किती तार कातले ते मोजताना गणित. कापूस कोणत्या जमिनीत येतो हे पाहताना भूगोल. तकली फिरते का, याचे विज्ञान. ढाक्याची मलमल कुठे गेली, हा इतिहास. याला 'समवाय' म्हणत.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. अभ्यासक्रमात सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, कातणे हे सगळे टप्प्याटप्प्याने होते. मला नेहमी वाटते, त्या वर्गात आपल्या पिंजारी मोहल्ल्यातले एखादे पोर बसले असते तर काय झाले असते? पुस्तकी शाळेत मागच्या बाकावर बसणारे ते मूल पिंजणीच्या धड्याला मास्तरांना शिकवू लागले असते. बापाची कमान वाजते तेव्हा कापूस का फुलतो, हे त्याने पाहिलेले होते. 'का'चे उत्तर शोधायला शाळेने मदत केली असती. शिकण्याच्या उपपत्तीचा गरीब मुलाला मिळणारा फायदा म्हणतात तो हाच. अर्थात याला दुसरी बाजू आहे आणि ती पिंजाऱ्यालाच नीट कळत होती. ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या धुनकी आहे, तो पोराला शाळेत घालतो ते त्याच्या हातून धुनकी सुटावी म्हणून. शाळेनेही कापूसच हाती दिला तर त्याने शाळेत का पाठवावे? अहवाल तयार करणाऱ्या थोर माणसांपैकी फार थोड्यांच्या घरी हातावर पोट होते.

तरीही ही योजना आपल्या समाजात रुजली नाही, याचे कारण पिंजाऱ्याची ही शंका नव्हे. कारण वेगळेच घडले, आणि तेही आपल्याच प्रांतात. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी ग्रामीण शाळांची एक योजना काढली: गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि शिक्षकाचा पगार चालावा, शिकवण्याची रीत वर्ध्याची. योजनेला नाव दिले 'विद्या मंदिर'. १९३८ मध्ये शुक्ल पंतप्रधानही झाले (प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत). या नावावरून वादळ उठले. मुसलमानांची मुले मंदिरात शिकायला जाणार काय, असा प्रश्न मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून विचारला गेला. नाव बदला ही मागणी झाली. सरकारने हट्ट धरला. १९३८ च्या पीरपूर अहवालात मुस्लिम लीगने काँग्रेस मंत्रिमंडळांविरुद्धच्या तक्रारींत विद्या मंदिराची तक्रार ठळकपणे मांडली. वर्धा योजनेत धर्मशिक्षणाला जागा नव्हती, भाषेच्या नावाखाली संस्कृतप्रचुर हिंदी येईल ही भीती होती, त्यात या नावाने तेल ओतले. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना थंडावली.

या प्रकरणाकडे पाहताना आपल्याकडे दोनपैकी एक सूर लागतो. एक तर 'आपल्या लोकांनी नावावरून उगाच गोंधळ घातला', नाहीतर 'आपल्यावर अन्यायच झाला'. मला दोन्ही अपुरे वाटतात. प्रांतात मुसलमान पाच टक्क्यांच्याही आत. इतक्या अल्पसंख्य समाजाला सरकारी शाळेचे नाव ही किरकोळ बाब वाटणार नाही, हे बहुमताच्या सरकारला कळायला हवे होते. 'विद्यालय' म्हटले असते तर शुक्लजींचे काय बिघडणार होते? आक्षेप खरा होता. पण आक्षेप घेताना आपल्या पुढाऱ्यांनी नाव आणि विचार वेगळे केले नाहीत. अहवालावर अध्यक्ष म्हणून एका मुसलमान शिक्षकाचे नाव होते, त्यातला शिकण्याचा विचार इब्न खल्दूनच्या 'मलका'च्या किती जवळचा होता, हे कोणी सांगितले नाही. झाकिरसाहेबांना दोन्हीकडून बोलणी खावी लागली. मंदिर शब्दाबरोबर तकलीही गेली, तकलीबरोबर ती चार पावलेही गेली, आणि आपल्या शाळांत पुन्हा तख्ती, काईदा आणि छडी उरली.

विचार दुसरीकडे मात्र चालू राहिला. दिल्लीला जामियाने १९३८ मध्ये 'उस्तादों का मदरसा' नावाने शिक्षक प्रशिक्षणाची संस्था काढली. जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखे शिक्षक प्रकल्प पद्धतीने शिकवत. मुलांची बँक, मुलांचे दुकान चाले. बर्लिनची गेर्डा फिलिप्सबॉर्न ही ज्यू बाई जर्मनीतून येऊन तिथे लहान मुलांत रमली आणि १९४३ साली तिथेच वारली. मुले तिला आपाजान म्हणत. १९२८ पासून जामियाच्या शिक्षकांनी वीस वर्षे जास्तीत जास्त दीडशे रुपये पगारावर काम करण्याची शपथ घेतली होती, आणि प्रत्यक्षात तेवढेही हाती पडत नसत. झाकिरसाहेब स्वतः मुलांसाठी गोष्टी लिहीत. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांची गोष्ट रुकैया रेहाना या नावाने प्रसिद्ध झाली होती. पुढे राष्ट्रपती झालेल्या माणसाने बकरीची गोष्ट लिहिली हे ऐकून मुलांना फार मौज वाटते.

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळेचे जे झाले ते सर्वज्ञात आहे. समवाय अवघड होता. त्याला घडवलेला शिक्षक लागतो. सोपे काय, तर एक तास कताई आणि बाकी सहा तास नेहमीचेच. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ मध्ये तिला 'कार्यानुभव' हे नाव दिले. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले. ज्या विचाराने सगळे विषय एका धाग्यात ओवायचे होते, तो स्वतःच आठवड्याच्या वेळापत्रकातला एक सुटा मणी झाला. पश्चिम महाराष्ट्रात आजही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांवर 'विद्या मंदिर' अशी पाटी दिसते. पाटी टिकली, तकली गेली.

पुढच्या उपपत्ती परिपत्रकांतून आल्या. १९९१ साली किमान अध्ययन पातळ्यांचा अहवाल आला आणि महाराष्ट्रात १९९५ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम. प्रत्येक क्षमतेला क्रमांक. मुलाने ती मिळवली की खूण. हा थॉर्नडाईक-स्किनरचा वारसा: शिकणे म्हणजे वर्तनात बदल, आणि बदल मोजता येतो. मग २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चक्र उलटे फिरवले, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगाव पोचला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे मुले जमिनीवर आखलेल्या चौकटींत गटागटाने स्वतः शिकत होती, शिक्षक मधून मधून हात देत होते. परत आल्यावर पुष्कळ ठिकाणी जे झाले ते पाहण्याजोगे होते: फरशा रंगल्या. उपपत्ती डोक्यात शिरायला वेळ लागतो, ऑइलपेंटला दोन दिवस पुरतात.

उर्दू शाळेत याची आणखी एक गाठ पडली, ती आमच्याखेरीज कोणाला सहसा जाणवत नाही. प्रशिक्षण मराठीत, साहित्य देवनागरीला धरून केलेले. क, का, कि, की अशी काना-मात्रांची चौकट मराठीला शोभते, कारण मराठीत जसे बोलतो तसे जवळजवळ सगळे लिहिले जाते. उर्दूत जेर, जबर, पेश लिहीत नाहीत. काफ आणि लाम जोडून लिहिले की ते 'कल' आहे की 'कुल', हे अक्षरे सांगत नाहीत, वाक्य सांगते. म्हणजे उर्दूचे मूल अर्थ कळल्याशिवाय नीट वाचूच शकत नाही. अर्थ आधी, उच्चार नंतर. ज्या लिपीत समजून शिकण्यावाचून गत्यंतर नाही, तिच्या शिक्षकांना 'तुमच्याकडे पाठांतरच' म्हणावे, आणि आम्ही माना डोलवाव्यात, ही उलटी गंगा आहे. बे, पे, ते, टे, से ही एकाच नावेची पाच नुक्त्यांची कुटुंबे मुलांना स्वतः शोधायला दिली तर ती तासाभरात नियम काढतात. ते साहित्य आमचे आम्हालाच करावे लागते, आणि ते करायला फरशी लागत नाही. तख्ती पुरते.

घरची भाषा हा आणखी एक पेच. आमच्याकडचे मूल घरून 'मेरेकू नक्को' म्हणत येते. बाजारात वऱ्हाडी बोलते. पुस्तकात 'मुझे नहीं चाहिए' असते. वर्धा अहवालाने मातृभाषा म्हटले तेव्हा मराठी, गुजराती, हिंदुस्थानी अशी मोठी नावे डोळ्यांसमोर होती. 'मेरेकू'ला अजून कोणत्याच आराखड्याने मातृभाषा म्हटलेले नाही. ते बोलल्यावर मूल हसण्याचा विषय झाले की वर्गात गप्प बसायला शिकते. मोरोक्कोचे विद्यार्थी गप्प का बसत, याचे एक कारण हेही असेल.

२०१८ साली वाशीमची गणना देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली. तेव्हापासून आमच्या वर्गांची आकडेवारी वर जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कसबी माणसांकडे जाऊन शिकावे. १९३७ ला रोजचे ३ तास २० मिनिटे. आता दहा दिवस. तेही मला कमी वाटत नाहीत, जर ते खरोखर दप्तराविना गेले तर. पण त्यांची नोंद ठेवायची असते, छायाचित्रे पाठवायची असतात, अहवाल भरायचा असतो. उर्दूतले दफ्तर मराठीतल्या दप्तराच्या जागी येऊन बसते.

आमच्या आठवीच्या मुलांनी गेल्या खेपेला जाण्यासाठी स्वतः निवडले ते गाद्या भरणाऱ्याचे दुकान. आता कमान नाही, विजेवरची पिंजण आहे, आणि आसपासच्या शेतांत कापसापेक्षा सोयाबीन जास्त. एका मुलीने दुकानदार चाचांना विचारले, "चाचा, पाच किलो की गादी बोले तो कपडा कित्ता लगता?" चाचांनी हाताने टीचभर माप दाखवले आणि हिशेब केला तोंडी. मुलीने तो वहीत मांडला, उत्तर वेगळे आले. दोघेही आपापल्या उत्तरावर ठाम. मी मध्ये पडलो नाही. मग चाचांनी कापड पसरले, मुलीने पट्टी लावली, बाकीची मुले भोवती गोळा झाली, आणि छायाचित्र काढायचे माझे राहून गेले.